ओवाळणी, फराळ आणि स्त्रियांचा बाजार

आपल्या मंडळाला ५० वर्षे पूर्ण होत असताना स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली. मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर गेला की शिवाजी महाराज, पेशवाई, पानिपत हे विषय हटकून निघतात, आणि ते निघावेत यात वावगे काही नाही. परंतु परमुलखात राहणाऱ्या आपणां कुटुंबांच्या जीवनात दरवर्षी अवतरणारा इतिहास पाहावयाचा तर तो दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात दिसतो. भावाने बहिणीस काय घालावे, शेजारच्या बंगाली, तमिळ वा पंजाबी कुटुंबास कोणता जिन्नस पाठवावा, चकली घरी करावी की सांगून करवून घ्यावी, हे प्रश्न तेव्हा घरोघरी चर्चिले जातात. ही खरेदी बव्हंशी स्त्रियांच्या हातून होते आणि तिच्यातील पुष्कळ वस्तूही स्त्रियांच्याच हातच्या असतात. या हातांचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्त्रियांनी धंदा करणे ही अलीकडची, शिक्षणामुळे वा शहरवासामुळे आलेली गोष्ट आहे असे पुष्कळांस वाटते. हे खरे नाही. कोकणात मासळीचा लिलाव झाल्यावर पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव विक्री करणारी कोळीण, सणासुदीला दारी येऊन लेकीसुनांना बांगड्या भरणारी कासारीण, दिवाळीच्या पणत्या व संक्रांतीची सुगडे घेऊन बाजारात बसणारी कुंभारीण, सुपे-टोपल्या विकणारी बुरुडीण आणि देवळाच्या दारची माळीण या सर्व स्त्रिया पिढ्यानपिढ्या व्यापारच करीत आल्या आहेत. भाव ठरविणे, उधारी ध्यानात ठेवणे, नासका माल बाजूला काढणे आणि गिऱ्हाईक राखणे ही विद्या त्यांस कोणी शाळेत शिकविली नव्हती. बाजाराचा उंबरठा ओलांडण्यास वेळ लागला तो पांढरपेशा वर्गातील स्त्रीला. तिच्या हातचे लाडू, लोणची, पापड, विणकाम हे सारे घरासाठी होते आणि त्याला मोल नव्हते. विशेषतः घरातील विधवा स्त्रीचे श्रम तर कोणाच्या हिशेबातच नव्हते. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून तिच्या वाट्याला दोन लुगडी आणि एक वेळचे जेवण येई. तेव्हा गेल्या सवाशे-दीडशे वर्षांत या वर्गात जे घडले, त्याचे वर्णन घरच्या श्रमाला किंमत लावण्याचा झगडा असे करता येईल.

या झगड्याचे एक आरंभीचे पर्व बंगालमध्ये घडले. रवींद्रनाथांच्या वडीलभगिनी स्वर्णकुमारी देवी यांनी १८८६ साली कलकत्त्यास 'सखी समिती' स्थापन केली. अनाथ व विधवा स्त्रियांस शिकवून स्वावलंबी करावे हा तिचा हेतू होता. या समितीच्या वतीने 'महिला शिल्पमेळा' भरविण्यात येऊ लागला. त्यात स्त्रियांनी केलेल्या वस्तू मांडल्या जात आणि विकत घेण्यासही स्त्रियाच येत. १८८८ साली बेथून विद्यालयात भरलेल्या मेळ्यासाठी रवींद्रनाथांनी 'मायार खेला' हे गीतिनाट्य रचून दिले आणि त्यातील सर्व भूमिका स्त्रियांनी केल्या. पुढे स्वर्णकुमारींच्या कन्या सरला देवी यांनी स्वदेशी चळवळीच्या तोंडावर 'लक्ष्मीर भांडार' या नावाचे दुकानच कलकत्त्यात काढले व तेथे देशी कापड आणि देशी वस्तू ठेवल्या. मेळा दोन-चार दिवसांनी उठतो. दुकान मात्र रोज उघडावे लागते, माल पुरवावा लागतो आणि हिशेब द्यावा लागतो. आईच्या मेळ्यापासून लेकीच्या दुकानापर्यंतचे हे अंतर आमच्या मते लहान नव्हे.

महाराष्ट्रात ही वाट शिक्षणाच्या मार्गाने आली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला आणि तो हिंगण्यास स्थिरावला. या दोन्ही ठिकाणी विधवेला प्रथम अक्षर आणि मग पायावर उभे राहण्याचे साधन मिळावे अशी दृष्टी होती. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली निवर्तल्यानंतर रमाबाई रानडे यांनी आपले उर्वरित आयुष्य याच कार्यास वाहिले. मुंबईचे सेवासदन १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने निघाले. त्याच्या पहिल्या अध्यक्षा रमाबाईच होत्या. पुण्याचे सेवासदन २ ऑक्टोबर १९०९ रोजी स्थापन झाले. गोपाळ कृष्ण देवधरांसारखा कार्यकर्ता त्यास लाभला. शिवणकाम, हस्तव्यवसाय, अध्यापन आणि परिचर्या यांचे शिक्षण तेथे स्त्रियांस मिळू लागले. ज्या काळी भल्या घरच्या बाईने परक्याच्या शुश्रूषेस जाणे निंद्य समजले जाई, त्या काळी सेवासदनाच्या विद्यार्थिनी पुण्याच्या ससून रुग्णालयात परिचर्येचे धडे घेत होत्या.

हिंगण्याच्या संस्थेचा येथे आणखी एका कारणासाठी उल्लेख केला पाहिजे. तिचा 'भाऊबीज निधी' महाराष्ट्रास सुपरिचित आहे. दिवाळीच्या दिवसांत कार्यकर्ते घरोघर जाऊन ओवाळणी मागतात. सख्ख्या बहिणीस घालतो तशी एक ओवाळणी अनोळखी बहिणीच्या शिक्षणासाठी घालावी, ही त्यामागील कल्पना. आपल्या सणाच्या रूढीचा असा विधायक उपयोग क्वचितच कोणी केला असेल. मात्र ही देणगी होती. देणाऱ्याचे मन मोठे होते आणि घेणारीस उपकाराची जाणीव होती. स्त्री शिकून उभी राहीपर्यंत हे आवश्यकच होते. पण एकदा उभी राहिल्यावर तिला देणगीदार पुरत नाही, तिला गिऱ्हाईक लागते.

हा बदल मुंबईने घडविला. गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले लाखो कामगार बिऱ्हाड गावी ठेवून एकटे राहत. त्यांना दोन वेळचे अन्न शिजवून घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांच्या आधारावर मुंबईची गिरणी चालत होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पहाटे उठून पाळीप्रमाणे डबे भरावयाचे, महिनाअखेर पगार झाला की पैसे घ्यावयाचे, आणि मधल्या काळात वाण्याची उधारी व सावकाराचे कर्ज अंगावर वागवावयाचे, असा त्यांचा क्रम असे. गिरणीत संप झाला की कामगाराबरोबर खाणावळवालीही उपाशी राही. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा लहान माणसाला कर्ज मिळेल असे जाहीर झाले खरे, परंतु तारण नसलेल्या, सही न येणाऱ्या बाईला बँकेच्या दारात कोण उभे करणार हा प्रश्न होताच. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या व पुढे गिरणगावात कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन करून या बायकांचे गट बांधले. एकमेकींच्या जामिनावर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली आणि ती फेडलीही गेली. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. २०२४ साली त्या निवर्तल्या. सणासुदीला अन्नपूर्णेच्या पुरणपोळ्या व फराळाचे जिन्नस नेणाऱ्या मुंबईकरांपैकी किती जणांस हा सावकारमुक्तीचा इतिहास ठाऊक असेल, कोण जाणे.

त्याच मुंबईत, गिरगावात, १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणी लोहाणा निवासाच्या गच्चीवर पापड लाटण्यास बसल्या. भांडवल ८० रुपये, आणि तेही छगनलाल करमशी पारेख या सेवाभावी गृहस्थाकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली व ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यास विकली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी विकत घेतली, खाटेवर पापड पसरले, खाली शेगडी ठेवली आणि पावसाळ्यातही काम चालू राहिले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली व त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. हीच आजची 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड'. तिची वार्षिक उलाढाल आता हजार कोटी रुपयांच्या वर आहे आणि हजारो भगिनी तिच्या सभासद आहेत. त्या सात जणींपैकी एक, जसवंतीबेन पोपट, यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

या संस्थेच्या यशापेक्षाही तिचे नियम आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात. सकाळी भगिनी केंद्रावरून मळलेले पीठ घरी नेते, लाटते आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देते. माल तपासून घेतला जातो आणि मजुरी हातात पडते. प्रत्येक सभासद भगिनी मालक असते, म्हणून नफा जसा वाटून घ्यावयाचा तसा तोटाही. सर्वांत विशेष म्हणजे संस्थेने देणगी स्वीकारावयाची नाही, हा आरंभापासूनचा दंडक. पापड चांगला असेल तर घ्या, नसेल तर घेऊ नका, पण दया म्हणून घेऊ नका, असे या नियमाचे सार आहे. ज्या ८० रुपयांनी आरंभ झाला ते दान नव्हते, ऋण होते, ही गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे.

अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभारली व १९७४ साली सुमारे ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. सही येत नाही ही अडचण निघाली तेव्हा पासबुकावर छायाचित्र लावण्याची युक्ती काढण्यात आली. सरकारी यंत्रणाही हळूहळू या बाजूस वळली. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले. ग्रामीण स्त्रिया व बालकांच्या विकासाची केंद्रीय योजना १९८२ साली आली. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. केरळात १९९८ साली 'कुडुंबश्री' निघाली व तिचे ओणमचे बाजार तेथील सणाचा भाग होऊन बसले. महाराष्ट्रातील बचत गटांच्या वस्तूंची 'महालक्ष्मी सरस' सारखी प्रदर्शने मुंबईकरांस परिचित आहेत. सरकारी नोकरीत आयुष्य घालविल्यामुळे योजनांच्या मर्यादा आम्हांस ठाऊक आहेत. योजना कर्ज देते, प्रशिक्षण देते आणि प्रदर्शनात गाळाही देते. प्रदर्शन संपल्यावर अकरा महिने माल कोठे विकावयाचा, हे मात्र तिला सांगता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर पाहावयाचे तर देशाच्या पूर्व टोकास, मणिपुरात जावे लागते. इंफाळच्या मध्यभागी ख्वाइरंबंद येथे 'इमा कैथेल' हा बाजार आहे. इमा म्हणजे आई आणि कैथेल म्हणजे बाजार. येथे विक्रेत्या सर्व स्त्रिया. त्यांची संख्या हजारांत मोजावी लागते. रीतीप्रमाणे विवाहित स्त्रीलाच येथे बसण्याचा अधिकार. बसण्याची जागा आईकडून लेकीकडे वा सासूकडून सुनेकडे जाते. भाजी, मासळी, 'ङारी' नावाची आंबवलेली मासळी, फुले, मातीची भांडी, हातमागाची 'फनेक' ही नेसावयाची वस्त्रे, असे सर्व काही तेथे मिळते. हे कसे घडले याचा एक दुवा तेथील जुन्या राज्यव्यवस्थेत सापडतो. 'लल्लुप' या पद्धतीनुसार प्रौढ पुरुषास दर ४० दिवसांपैकी १० दिवस राजाची चाकरी करावी लागे. पुरुष चाकरीवर वा युद्धावर गेले की शेत आणि बाजार दोन्ही स्त्रियांनी सांभाळावयाचे, ही तेथील रीत पडून गेली.

या बाजाराच्या स्त्रियांनी दोनदा इंग्रजी सत्तेस तोंड दिले. त्या लढ्यांस 'नुपी लान', म्हणजे स्त्रियांचे युद्ध, असे म्हणतात. १९०४ साली जळालेला सरकारी बंगला पुन्हा बांधण्यासाठी काबो खोऱ्यातून सागवान आणावे, असा वेठीचा हुकूम इंफाळच्या पुरुषांस झाला, तेव्हा हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि तो हुकूम अखेर मागे पडला. १९३९ साली अतिवृष्टीने पीक बुडाले असताही तांदूळ राज्याबाहेर जात राहिला आणि भाव भडकले. १२ डिसेंबर १९३९ रोजी बाजारातील स्त्रियांनी दरबार कचेरीवर चाल केली. दरबाराचा इंग्रज अध्यक्ष शार्प याला त्यांनी तार कचेरीत गाठले व महाराजांस तार करावयास लावली. आसाम रायफल्सच्या शिपायांनी बळाचा वापर केला व अनेक स्त्रिया जखमी झाल्या. परंतु दुसऱ्याच दिवशी तांदळाच्या निर्यातीस बंदी झाली. त्यानंतर स्त्रियांनी आपल्याच बाजारावर दीर्घ काळ बहिष्कार घातला. १२ डिसेंबर हा दिवस मणिपुरात आजही पाळला जातो. ४ जानेवारी १९१६ नव्हे, अगदी आपल्या काळात, ४ जानेवारी २०१६ रोजी झालेल्या भूकंपाने या बाजाराच्या नव्या इमारतींस तडे गेले. ३ मे २०२३ पासून उसळलेल्या हिंसाचाराने डोंगर व खोरे यांतील ये-जाच तुटली, आणि बाजारास त्याची झळ लागल्यावाचून राहिली नाही.

आपणां मराठी जनांस या बाजाराविषयी जिव्हाळा वाटावा असे आणखी एक कारण आहे. मैतेई लोकांचा 'निङोल चाक्कौबा' हा सण हियांगै महिन्याच्या द्वितीयेस, म्हणजे आपल्या भाऊबीजेच्याच सुमारास येतो. निङोल म्हणजे लेक आणि चाक्कौबा म्हणजे जेवणाचे आमंत्रण. सासरी गेलेल्या लेकी मुलाबाळांसह माहेरी येतात, मासळीचे सुग्रास जेवण होते आणि निघताना भाऊ व वडील त्यांस वस्त्र वा अन्य भेट देतात. त्या जेवणाची मासळी आणि त्या भेटीचे फनेक विकणाऱ्या इमा स्वतःही कोणाच्या तरी लेकी व बहिणी असतात. बहिणीला ओवाळणी घालण्यासाठी दुसऱ्या बहिणीकडून योग्य दामाने वस्तू घ्यावयाची, इतका साधा आणि इतका सुंदर व्यवहार तेथे आहे. त्यात कोणी कोणावर उपकार करीत नाही.

कलकत्त्याचा मेळा, हिंगण्याची ओवाळणी, गिरगावची खाट-शेगडी, गिरणगावचे डबे आणि इंफाळचा बाजार यांतून एकच क्रम दिसतो. प्रथम दया, मग शिक्षण, मग संघटना आणि शेवटी स्वतःची जागा. आता आपल्या घराकडे वळू. देशभर विखुरलेल्या मराठी मंडळांत दिवाळीच्या सुमारास फराळाची विक्री होते. भाजणी दळून आणण्यापासून अनारशाचे पीठ आंबविण्यापर्यंत सर्व कामे भगिनी करतात. विक्री संपली की हिशेब लिहिला जातो. त्यात तूप, साखर, रवा, डाळ, इंधन, डबे, सर्व काही असते. स्त्रियांच्या मजुरीचा रकाना मात्र पुष्कळदा नसतो. उरलेली रक्कम नफा म्हणून सभागृह निधीस जमा होते आणि भगिनींचे आभार मानले जातात. कार्यासाठी श्रमदान करण्यात गौरव आहे, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. परंतु ज्या गरजू भगिनीला त्या श्रमाच्या दामाची निकड आहे, तिलाही आपण त्याच आभारांवर परत पाठवितो, हे इतिहास वाचल्यानंतर योग्य वाटत नाही. ज्यांना श्रमदान करावयाचे असेल त्यांनी ते करावे. ज्यांना मजुरी हवी असेल त्यांना ती संकोच न वाटता मागता यावी. त्यासाठी हिशेबात तो रकाना असला पाहिजे.

खरेदी करणाऱ्यांनीही काही साध्या गोष्टी पाळता येतील. मागणी दिवाळीच्या आठवड्यात न नोंदविता महिनाभर आधी नोंदवावी, म्हणजे माल घाऊक भावाने भरता येतो. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, कारण लहान धंदा भांडवलावाचून अडतो आणि अडला की सावकाराकडे जातो. उरलेली रक्कम डबा हाती घेतानाच द्यावी, तुळशीच्या लग्नापर्यंत लांबवू नये. मोठ्या दुकानात ठरावीक भाव मुकाट्याने देणाऱ्या आपण चकलीच्या किलोमागे दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. त्याचबरोबर माल खवट असेल तर तसे स्पष्ट सांगावे व परत द्यावा. बाईने केले म्हणून चालवून घेणे हाही एक प्रकारचा अनादरच होय. लिज्जतच्या केंद्रावर वाकडा पापड घेतला जात नाही, म्हणून तर त्या पापडाचे नाव झाले.

मंडळाच्या पुढील पर्वात वार्षिक हिशेबात फराळाचे स्वतंत्र पान असावे आणि त्या पानावर करणारीच्या श्रमाचे मोल पहिल्या ओळीत मांडले जावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे नम्रपणे ठेवतो. तसे झाले तर येत्या भाऊबीजेस आपण घातलेली ओवाळणी एका बहिणीच्या ताटात आणि दिलेला दाम दुसऱ्या बहिणीच्या पासबुकात जाईल.